एका टेबलावर दोन भांडी

स्वयंपाकिणीला आठवणी विचारू नयेत. तिला काय उरलं आणि काय करपलं एवढंच आठवतं. तरी दिवाळी अंकाच्या संपादक बाई पुन्हा पुन्हा फोन करत राहिल्या. "मावशी, अलास्कात मराठी कुक म्हणजे किती इंटरेस्टिंग!" इंटरेस्टिंग वगैरे काही नव्हतं. थंडी होती, चूल होती आणि माणसांना भूक लागायची. मधले काही महिने मात्र मी फार घाबरून काढले. तेच लिहिते. बाकीचं कोणाच्याही आयुष्यात असतं तसंच आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. उमेदीची सगळी वर्षं चंद्रपूरला मुलींच्या वसतिगृहात रांधण्यात गेली. माझी वंदना तिथल्याच मुलींच्या पुस्तकांवर शिकली, नर्स झाली, अमेरिकेला गेली, तिथली नागरिक झाली आणि तिचे वडील वारल्यावर मला घेऊन गेली. लोकांची मुलं कॉम्प्युटरच्या नोकरीला रेडमंडला नाहीतर फ्रिस्कोला जातात. माझी गेली अलास्कातल्या एका गावात. तिथल्या दवाखान्यात नर्सा टिकत नाहीत. जी टिकेल तिला ते डोक्यावर घेतात. न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर पडले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी तिथे पोचले. दिवसभर खिडकीतून एकच डोंगर बघायचा. मला वेड लागायची वेळ आली.

एक दिवस वंदनाने एका म्हातारीला घरी जेवायला आणलं. हात भाजला म्हणून दवाखान्यात आली होती. नाव डोरिस. माझ्याहून थोरली, हाडाने रुंद, बोलायला माझ्यासारखीच. ती जेवली, बोट चाटलं आणि वंदनाला म्हणाली, "ही दिवसभर काय करते?"

"रेस्ट करते," वंदना म्हणाली.

"मेल्यावर करेल. माझ्याकडे कुक नाही. हिला विचार."

वंदना नको म्हणत होती. मी पिशवी भरायला घेतली.

डोरिसच्या जागेला रोडहाउस म्हणायचे. रोड मात्र नव्हता. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून स्नोमशीनने जायचं. बर्फावर चालणारी मोटारसायकल समजा. उन्हाळ्यात होडी. पूर्वी सोनं शोधणारे आणि कुत्र्यांच्या गाडीवरून टपाल नेणारे तिथे मुक्काम करत. डोरिसचा बाप असाच सोनं शोधत आला. सोनं मिळालं नाही, बायको मिळाली. ती तिथल्या मूळ लोकांतली. डोरिस त्याच ओंडक्यांच्या घरात जन्मली. ती चाळिशी ओलांडून गेल्यावर सरकारने भोवतालचा सगळा मुलूख नॅशनल पार्क केला. तिची जमीन तेवढी तिची राहिली, पाण्यात बेट राहावं तशी. चहूकडे पार्क, आणि त्यातला बराचसा वाइल्डरनेस.

वाइल्डरनेस म्हणजे नुसतं जंगल नव्हे. जंगलात माणूस असतो. वाइल्डरनेस म्हणजे जिथे माणसाने यावं, बघावं आणि निघून जावं असं सरकारने ठरवलेलं जंगल. डोरिस निघून जात नव्हती.

कायदा करणारे अगदीच दगड नव्हते, हेही सांगते. जे तिथे बारा महिने राहतात, त्यांना पोटापुरती शिकार, मासे, सरपण घ्यायची मुभा होती. गोरा की काळा हे बघायचे नाहीत, राहतो कुठे ते बघायचे. आमच्या गावाकडे जंगलातला नाकेदार मोहफुलं वेचणाऱ्या बाईची टोपली पायाने लाथाडायचा. माझ्या आईची लाथाडलेली मी बघितली आहे. त्यापुढे हे लोक मला सज्जन वाटले. पण त्या मुभेला दोन अटी होत्या. एक, पोटापुरतं म्हणजे पोटापुरतं. एक तुकडासुद्धा विकायचा नाही. दुसरी, गावात राहायला गेलात की हक्क संपला.

आता गाठ कुठे होती ते सांगते, म्हणजे पुढची भीती कळेल. डोरिसचं घर पाहुण्यांवर चालायचं. पाहुण्यांना आणायचं तर पार्कमधून आणावं लागे, आणि त्याला पार्कचा परवाना लागे. दरवर्षी नवा. परवाना गेला की पाहुणे गेले. पाहुणे गेले की तेल, पीठ, औषध कशावर आणणार? मग गावात जायचं. गावात गेली की शिकारीचा हक्क गेला, मासळीचा गेला, आणि मागे राहिलेलं रिकामं घर चार हिवाळ्यांत बर्फाने बसलं असतं. एक धागा ओढला की सगळी गोधडी उसवायची. डोरिसला हे पक्कं माहीत होतं. ती परवान्याचा कागद बायबलच्या वर ठेवायची.

माझं काम काय होतं? हिवाळ्यात नदी भरवशाची असेपर्यंत वर्षाचं सामान भरून घ्यायचं. बर्फ धरताना आणि फुटताना असे दोनदा काही आठवडे येतात, तेव्हा नदी धड पाणी नसते आणि धड बर्फ नसते. त्या काळात मीठ संपलं तर संपलं. अंडी गोठून फुटतात म्हणून ती माझ्या खाटेखाली, गोधडीत. बटाटेही माणसासारखे उबेत ठेवायचे. पाणी म्हणजे नदीला भोक पाडून आणलेलं. पिठाचं आंबवण एका बरणीत, ते डोरिसच्या आईपासून चालत आलेलं. ते मेलं असतं तर डोरिसने मलाही त्याच बरणीत घातलं असतं. थंडीत माणूस दुप्पट खातो आणि निम्मं बोलतो. स्वयंपाकिणीला दोन्ही सोयीचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. एक फोटोवाला डोरिसला म्हणाला, "तुमची कपड्यांची दोरी जरा काढता का? फोटोत माणूस दिसतोय." डोरिसने दोरी काढली नाही, उलट आपली लांब चड्डी आणून वाळत घातली. दुसरे एक गृहस्थ मोठ्या शहरातले वकील होते. रोज जेवताना म्हणायचे, हा प्रदेश माणसाने स्पर्श न केलेला आहे. डोरिस त्यांना बटाटे देत म्हणाली, "हे मी शेतात स्पर्श करून काढलेत. चालतील ना?" ते हसले. कळलं की नाही, देव जाणे.

घरात आणखी एक माणूस होता. डोरिसचा भाचा रॉय, पन्नाशीचा. पाहुण्यांना आणणं-पोचवणं आणि शिकार ही त्याची कामं. दर पानगळीत तो एक मूस मारायचा. मूस म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, उंचीला घोड्याच्या वर. एका मूसमध्ये घराचा हिवाळा निघायचा.

पहिल्याच संध्याकाळी डोरिसने मला चुलीवरची दोन भांडी दाखवली. मोठ्यात गावाहून आणलेली कोंबडी, ती पाहुण्यांची. छोट्यात मूस, ते घरच्यांचं. "छोट्यातलं मोठ्यात जाता कामा नये, मोठ्यातलं छोट्यात आलं तरी चालेल," ती म्हणाली. "पाहुण्यांनी जेवणाचे पैसे दिलेत. त्यांच्या ताटात मूस गेलं की मी ते विकलं. विकलं की मी गेले. समजलं?"

समजलं. अवघड काही नव्हतं. पण टेबल एकच होतं. लांबलचक, एका ओंडक्याचं. त्याच्याभोवती सगळे बसायचे, आणि मी डोरिस-रॉयला एक वाढायचे, बाकीच्यांना दुसरं.

हे मला किती जड जात होतं ते डोरिसला मी कधी सांगितलं नाही. आमच्या गावात पाटलाकडे लग्न असलं की आमची पंगत गोठ्यामागे आणि सगळ्यांत शेवटी. वरून टाकल्यासारखं वाढायचे. बुंदीचे लाडू संपलेले असायचे, चुरा उरलेला असायचा. आई तो पदरात बांधून आणायची. पुढे आम्ही धम्म घेतला आणि आईने गोठ्यामागे जाणं सोडलं. मी तर अजूनही कुठे जेवायला गेले की पंगत कशी बसली आहे ते आधी बघते, मग बसते. आणि आता वाढपी मीच झाले होते.

पार्कचा पहारेकरी टिम नावाचा होता. गस्तीवर आला की तो आमच्याकडे थांबायचा. तो नियमाचा इतका पक्का की टेबलाशी बसून खिशातला स्वतःचा पाव खायचा. डोरिस म्हणायची, "टिम, तुला फुकट देतेय, विकत नाहीये." तो म्हणायचा, "माहीत आहे, मॅडम. पण मला कोणी विचारलं तर मला सोपं उत्तर द्यायचंय." तेव्हा मला तो शिष्ट वाटायचा.

अशी वर्षं गेली. माझ्या इंग्रजीत भर पडली. सगळं डोरिसकडून शिकलेलं, त्यामुळे त्यात शिव्या बऱ्याच. मी छोट्या भांड्यात वंदनाने आणवलेला काळा मसाला घालू लागले आणि डोरिस-रॉयला त्याची चटक लागली. मोठ्या भांड्यात मीठ, मिरपूड. पाहुण्यांना तेच झेपायचं.

मग एका मार्च महिन्यात रेडमंडहून चौघे मराठी आले. केदार नावाचा पुण्याचा इंजिनिअर, त्याची बायको मुग्धा आणि दोन मित्र. रात्रीच्या आकाशातला हिरवा उजेड, ऑरोरा, बघायला आले होते. रॉयने त्यांना स्नोमशीनमागे जोडलेल्या घसरगाडीवर बांधून आणलं. मला बघून मुग्धा किंचाळलीच.

"अय्या! तुम्ही मराठी? काकू, तुम्ही इथे काय करताय?"

"पोळ्या लाटते," मी म्हटलं.

फार दिवसांनी घरात मराठी बोलणं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. ती मुलं गोड होती. बर्फात पडत होती, उठत होती, "यार, माय फिंगर्स आर गॉन" म्हणून ओरडत होती. केदारने चहा घेता घेता विचारलं, "मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"चंद्रपूरकडच्या."

"अच्छा. आडनाव काय तुमचं?"

हा प्रश्न कशासाठी असतो ते मला ठाऊक आहे, विचारणाऱ्याला ठाऊक नसलं तरी. "मेश्राम," मी म्हटलं.

"ओके, ओके," केदार म्हणाला आणि बर्फ किती जाड आहे ते विचारू लागला.

त्या दिवशी डोरिस तापाने पडली होती. खोलीत झोपून होती. संध्याकाळी टेबलाशी चौघे पाहुणे आणि रॉय. मी चौघांना कोंबडी-बटाटे वाढले. रॉयला छोट्या भांड्यातलं वाढलं. झाकण उघडल्याबरोबर काळ्या मसाल्याचा वास सुटला. मराठी नाकं ती.

"मावशी, हा वास!" मुग्धा उभीच राहिली. "हा घरचा वास आहे!"

"ते तुमचं नाही," मी म्हटलं. "ते घरच्यांचं."

"आम्ही घरचे नाही होय?" केदार हसत हसत म्हणाला. "आम्हाला बॉइल्ड चिकन आणि ह्या गोऱ्याला रस्सा? काय मावशी, पंक्तिप्रपंच करता?"

सगळे हसले. तो थट्टेनेच म्हणाला, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आडनाव विचारून घेतलेल्या तोंडातून हा शब्द आला आणि माझे कान तापले. मी छोटं भांडं उचललं. रॉयला मराठी येत नव्हतं, पण भांडं त्याला कळलं. "यमुना," तो म्हणाला, "नो."

मी चौघांनाही वाढलं. वाटी वाटी. माझ्यासाठी काही उरलं नाही. मुलं बोटं चाटून जेवली. केदारने वाटीचा फोटो काढला, मग माझा. रॉय आपलं ताट तसंच ठेवून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मी डोरिसला सगळं सांगितलं. ती उशीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "टिम नव्हता ना?"

"नव्हता."

"मग गप्प बस आणि सूप आण."

मला वाटलं मिटलं. मिटलं नव्हतं. केदार रेडमंडला गेला आणि त्याने ब्लॉग लिहिला. त्या वेळी ती टूम होती. त्याने कौतुकच लिहिलं बिचाऱ्याने. रोडहाउसचं नाव, माझा फोटो, वाटीचा फोटो, मूसचा झणझणीत रस्सा, आणि सगळ्यांत खाली, लोकांना उपयोगी पडावं म्हणून, इंग्रजीत ठळक अक्षरांत: सगळी जेवणं पॅकेजमध्ये धरलेली आहेत.

ते कोणी वाचलं, कोणी पार्कच्या कचेरीत पाठवलं, मला माहीत नाही. नदी फुटायच्या थोडं आधी टिम आला. त्याने टोपी काढली, पण पाव काढला नाही. छापलेला कागद डोरिससमोर ठेवला. त्यावर माझा फोटो, हातात डाव.

"मला हे दिसलंच नसतं तर बरं झालं असतं," टिम म्हणाला.

डोरिसने चष्मा लावून सगळं वाचलं. "आता?"

"आता चौकशी होईल. तोवर नवा परवाना मिळणार नाही. उन्हाळ्यात पाहुणे आणता येणार नाहीत."

"आणि माझी शिकार?"

टिमने टोपी डोक्यावर घातली. "ते वरचे ठरवतील, मॅडम."

तो गेला आणि नदी फुटली. जाणं-येणं बंद. मोठाले तुकडे एकमेकांवर आपटायचे, घराच्या काचा थरथरायच्या. आम्ही तिघं त्या आवाजात अडकून बसलो. बोलणं म्हणजे मीठ दे, लाकूड घाल. रॉय एकदाच बोलला, पण पुरेसं बोलला. "माझ्या आजीला ह्या घरातून कोणी हलवू शकलं नाही. ना थंडी, ना सरकार. तिच्या लेकीला तू एका वाटीने हलवलंस."

मला माझी गोठ्यामागची पंगत सांगता आली असती. पण ती माझी होती, त्याचा भुर्दंड डोरिसने का भरायचा?

वाट मोकळी झाल्यावर मी गावात वंदनाकडे आले तर तिचं वेगळंच. "आई, हे फेडरल मॅटर आहे! तुझं ग्रीन कार्ड जाईल! आजकाल ब्राउन माणसाचं कोणी ऐकून घेत नाही, तुला काही कळतं का?"

"मी मूस वाढलं, बॉम्ब नाही."

"जोक नको करू, आई. प्लीज."

तिच्या घरी टेलिफोन वाजला की ती आधी माझ्याकडे बघायची. एकदा केदारचाच फोन आला. कुठून नंबर मिळवला कोण जाणे. "मावशी, आय ॲम सो सॉरी. आम्हाला खरंच माहीत नव्हतं. मी ब्लॉग डिलीट केलाय."

"केलास ते बरं केलंस," मी म्हटलं. "पण खाल्लेलं डिलीट होत नाही, बाबा."

तो रडवेला झाला. मी त्याला म्हटलं, तुझं चुकलं नाही, तू पाहुणा होतास. तो परत परत विचारत राहिला, मी काय करू. करण्यासारखं काही नव्हतं.

तो उन्हाळा रोडहाउसमध्ये पाहुण्यांशिवाय गेला. मी परत गेले होते. वंदना भांडली, तरी गेले. रिकाम्या टेबलाला मी रोज फडकं मारायचे. विमान वरून गेलं की डोरिस हातातलं काम थांबवायची. होडीचा आवाज आला की रॉय काठावर जाऊन उभा राहायचा. भात करपायचा. इतक्या वर्षांत माझा भात करपला नव्हता. डोरिस करपलेला भात खायची आणि काही बोलायची नाही, हे सगळ्यांत वाईट. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते.

एक दिवस मीच विचारलं. "डोरिस, मी जाऊ का? मी गेले तर ते तुला सोडतील?"

ती जाळं दुरुस्त करत होती. मान वर न करता म्हणाली, "तू वाढलंस ह्याचा मला राग नाही. माझी आई पण दारात आलेल्याला पातेल्यातलंच द्यायची. तू मला विचारलं नाहीस, ह्याचा आहे. मांस माझं होतं. हक्क माझा होता. तू तुझा मान राखलास माझ्या भांड्यातून."

आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं, बहुतेक चुकीचं. हे बरोबर होतं.

चौकशी पानगळीत झाली, गावातल्या शाळेच्या एका वर्गात. बसायला पोरांच्या खुर्च्या. समोर पार्कच्या एक अधिकारी बाई, चष्मेवाल्या, सभ्य. बाजूला टिम. माझं इंग्रजी डोरिसछाप असल्यामुळे वंदनाला दुभाषी म्हणून बसवलं होतं.

"पाहुण्यांनी जेवणाचे पैसे दिले होते?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मूसचं मांस त्यांना वाढायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. घरधनीण तापाने पडली होती. भाचा नको म्हणाला. मी वाढलं."

"का?"

ह्याचं उत्तर मी अख्खा उन्हाळा घोळवलं होतं. लांबलचक होतं. तोंडातून एवढंच आलं, "एका टेबलावर दोन भांडी मला लाजिरवाणी वाटतात."

वंदनाने इंग्रजीत काहीतरी मवाळ सांगितलं. आमच्या संस्कृतीत पाहुण्याला वगैरे. मला तेवढं कळत होतं. मी तिला म्हटलं, "पाहुण्याचं काय घातलंस मधे? मी लाज म्हटलं. लाज सांग."

"आई, प्लीज—"

"सांग."

तिने सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, "पण तुम्ही हे काम कित्येक वर्षं करत होतात. त्या वर्षांत वाढलं नाहीत?"

"नाही. त्या वर्षांत रोज लाज वाटली."

तेही बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी टिमला विचारलं, तुम्ही तिथे कधी जेवलात का? टिम उभा राहिला आणि म्हणाला, "नाही, मॅडम. मला कित्येकदा आग्रह झाला. प्रत्येक वेळी फुकट." ह्या एका वाक्यासाठी तो इतकी वर्षं कोरडा पाव खात होता, असं मला त्या क्षणी वाटलं. शिष्ट म्हटलेलं मी मनातल्या मनात मागे घेतलं.

निकाल यायला नदी गोठली. त्या आठवड्यांत डोरिस वाळली. तिने पेटी काढून बापाचे फोटो कागदात गुंडाळून ठेवले आणि म्हणाली, "उंदीर लागतात." उंदीर नव्हते.

परवाना मिळाला. तो कागद आला तेव्हा रॉयने मला पहिल्यांदा कॉफी करून दिली, आणि ती फार वाईट होती. पण परवान्यासोबत अट होती. घरच्यांचं मांस पाहुण्यांच्या चुलीवर शिजवायचं नाही, पाहुणे असताना त्यांच्या टेबलावर आणायचं नाही. वेगळी चूल, वेगळी खोली. पुन्हा असं घडलं तर परवाना आणि हक्क दोन्ही जातील.

रॉयने घराच्या मागच्या अंगाला लाकडी खोली काढली. एक चूल, एक बाक, छोटं टेबल. पाहुणे आले त्या पहिल्या संध्याकाळी मी डोरिसचं मूस तिथे वाढलं. ती एकटी बसली. पलीकडून पाहुण्यांच्या हसण्याचे आवाज येत होते. तिने दोन घास खाल्ले आणि ताट तसंच ठेवून उठली. मोठ्या टेबलाच्या टोकाला, आपल्या नेहमीच्या खुर्चीत येऊन बसली आणि मला म्हणाली, "मला कोंबडी वाढ."

"डोरिस—"

"माझ्याच घरात मी मागच्या दाराशी बसून जेवणार नाही. वाढ."

मी वाढली. तिने तुकडा चावला. "रबर," ती म्हणाली आणि सगळं संपवलं. त्यानंतर पाहुणे असताना तिने दुसरं काही खाल्लं नाही. आणि पाहुणे आता भरपूर येत होते. त्या ब्लॉगने आमचं नाव पसरवलं होतं, हा आणखी एक विनोद.

मी तिच्याशेजारी बसून तेच खाऊ लागले. वाढून झाल्यावर मागे उभं राहायची माझी सवय मोडली. टेबल एक झालं. भांडं एक झालं. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते तिच्या ताटातून गेलं.

तरी दर पानगळीत रॉय मूस मारत राहिला. डोरिसची सक्त ताकीद. "न वापरलेला हक्क आपोआप मरतो," ती म्हणायची. "ते तर त्याचीच वाट बघतायत." पण घरात ते खाणार कधी? मग त्यातलं बरंचसं गावातल्या म्हाताऱ्यांच्या दुपारच्या जेवणाला जाऊ लागलं. तिथे कोणी विकत नाही, कोणी विकत घेत नाही, म्हणून दान केलेलं चालतं. कायद्यात तसं आहे.

दोन हजार आठ साली माझे गुडघे गेले. बर्फातून पाणी आणणं जमेना. मी गावात वंदनाकडे राहायला आले. डोरिसने निरोप देताना आंबवणाच्या बरणीतलं थोडं मला बाटलीत घालून दिलं आणि म्हणाली, "मारू नकोस." अजून जिवंत आहे.

आता दर गुरुवारी मी म्हाताऱ्यांच्या जेवणाला जाते. एक लांब टेबल आहे, सगळे एकत्र बसतात, सगळ्यांना एकाच भांड्यातून वाढतात. पानगळीनंतर त्या भांड्यात रॉयचं मूस असतं. मीठ कमी असतं, मसाला नसतो, पण मांस ओळखू येतं. मी गावची झाले, माझा त्या जंगलावर कसलाही हक्क उरला नाही, आणि मी मूस खाते. जिचा हक्क शाबूत आहे ती तिकडे नदीच्या वळणावर, बापाच्या घरात, पाहुण्यांबरोबर कोंबडी चावत बसलेली असते.